पट, कवड्या आणि म्हैसूरचे महाराज



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

अठराव्या अध्यायात आपण त्याग आणि कर्म यांच्याबद्दल वाचतोय. आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला सांगतात, की कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे अधिष्ठान, जिथे काम घडतं ती जागा, म्हणजे हे शरीर. दुसरा कर्ता. तिसरी करणं, म्हणजे साधनं. चौथी चेष्टा, म्हणजे आपली वेगवेगळी हालचाल, धडपड. आणि पाचवं दैव. एवढं सांगून पुढे भगवंत बजावतात, की या पाचांतला एकटा 'मी'च सगळं करतो असं ज्याला वाटतं, त्याला नीट दिसतच नाही. ज्ञानेश्वरीत माउलींनी या पाच कारणांचा विस्तार केलाय, तो अठराव्या अध्यायात जरूर वाचा.

हे श्लोक वाचताना मला सारीपाट आठवतो. पट हे अधिष्ठान. खेळणारा कर्ता. सोंगट्या आणि कवड्या ही करणं. आपण करतो त्या चाली म्हणजे चेष्टा. आणि कवड्या जमिनीवर पडल्यावर जे दान येतं, ते दैव. पाचही कारणं एका कापडावर मांडलेली!

म्हणून आज ज्यांचं चरित्र सांगणार आहे, ते असे एक राजे आहेत ज्यांचं अर्धं आयुष्य सत्तेत गेलं आणि अर्धं आयुष्य पटांच्या सोबतीनं. म्हैसूरचे कृष्णराज वडियार तिसरे. कर्नाटकात त्यांना मुम्मडी कृष्णराज म्हणतात. कन्नडमध्ये मुम्मडी म्हणजे तिसरे.

राज्य गेलेल्या घरात जन्म

कृष्णराजांचा जन्म १४ जुलै १७९४ चा. घराणं राजाचं, पण राज्य नावालाही उरलं नव्हतं. हैदर अलीनं सत्ता हातात घेतली आणि पुढे टिपू सुलतान गादीवर होता. वडियार कुटुंब श्रीरंगपट्टणमध्ये जवळजवळ नजरकैदेत राहत होतं. कृष्णराज दोन वर्षांचे होण्याआधीच, १७९६ साली, त्यांचे वडील वारले. घरात आधार एकच, आजी लक्ष्मम्मण्णी. या बाईंनी राज्य परत मिळावं म्हणून कित्येक वर्षं गुपचूप पत्रव्यवहार केला होता. पकडल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, याची कल्पना त्यांना नक्कीच असणार.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढता लढता मारला गेला. इंग्रजांनी राज्याचा काही भाग स्वतःकडे ठेवला, काही निजामाला दिला आणि उरलेल्या भागावर जुन्या राजघराण्यातलं मूल बसवायचं ठरवलं. ३० जून १७९९ रोजी म्हैसूरला राज्याभिषेक झाला. महाराजांना पाच वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन आठवडे बाकी होते. जुना राजवाडा पाडून टाकलेला असल्यामुळे समारंभ मांडवात करावा लागला.

एका रात्रीत कैदेतलं मूल सिंहासनावर! आपण सापशिडी खेळताना सोंगटी शिडीच्या तळाशी पडते आणि एकदम वर जाते, तसं हे. मुलानं काही केलं नव्हतं. दान पडलं होतं.

अर्थात शिडीची किंमत होती. १७९९ च्या तहाप्रमाणे म्हैसूरनं इंग्रजांना दर वर्षी सात लाख स्टार पगोडा, म्हणजे तितके होन द्यायचे होते. कारभार दिवाण पूर्णय्या बघायचे. पूर्णय्या हे देशस्थ माध्व ब्राह्मण, टिपूच्याही दरबारात मोठ्या हुद्द्यावर असलेले. त्यांनी खजिना भरून ठेवला. १८११ च्या सुमाराला महाराज वयात आले आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. पुढच्याच वर्षी पूर्णय्या वारले.

साप

यापुढचं सांगताना भक्तीच्या भरात काही झाकणं बरोबर होणार नाही. महाराज उदार होते, कलावंतांना, पंडितांना, देवळांना सढळ हातानं देत होते. पण कारभारावर पकड राहिली नाही. महसूल गोळा करणारे अधिकारी रयतेला पिळत होते. इंग्रजांची खंडणीही चुकत नव्हती. १८३० मध्ये नगर भागातले शेतकरी उठले आणि ते बंड पसरलं. त्यात गरीब माणसंच जास्त भरडली गेली.

हे निमित्त धरून गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंकनं ऑक्टोबर १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार काढून घेतला. दसऱ्याचा महिना होता. म्हैसूरकरांसाठी दसरा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. महाराजांचं वय तेव्हा ३७. किताब राहिला, राजवाडा राहिला, वर्षाला एक लाख पगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. राज्य मात्र राहिलं नाही. पुढे इंग्रजांच्याच चौकशी समितीला असं दिसलं, की गैरकारभाराच्या बातम्या बऱ्याच फुगवलेल्या होत्या. तरी राज्य परत मिळालं नाही. १८३४ पासून १८६१ पर्यंत मार्क कबन हे कमिशनर म्हणून म्हैसूरचा कारभार बघत होते.

महाराज यानंतर आणखी ३७ वर्षं जगले. म्हणजे आयुष्याचे बरोबर दोन भाग. पहिल्या ३७ वर्षांत शिडी आणि साप दोन्ही येऊन गेले. उरलेल्या ३७ वर्षांत पुन्हा दान पडेल का, याची वाट बघायची.

मला वाटतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा दुसरा भाग जास्त ओळखीचा वाटेल. चांगली नोकरी गेली, लग्न मोडलं, आजारपण आलं, परीक्षेत वयाची अट संपली. आपण असतो तिथेच, नाव तेच, खुर्चीही कधी कधी तीच, पण हातात काही नाही. अशा वेळी माणूस काय करतो, त्यावर त्याचं सगळं ठरतं.

राज्य हरलेले तीन राजे

महाभारतात द्यूतामुळे राज्य गमावलेले दोन राजे आपल्याला भेटतात. एक युधिष्ठिर, सभापर्वातले. दुसरा नल, ज्याची गोष्ट वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिरांना सांगतात. दोघंही फाशांपुढे सगळं हरले. गंमत म्हणजे दोघांच्याही गोष्टीत पुढे एक विद्या येते, अक्षहृदय. फाशांचं हृदय जाणण्याची विद्या. नलाला ती ऋतुपर्ण राजाकडून मिळते आणि युधिष्ठिरांना बृहदश्वांकडून. त्यानंतर युधिष्ठिर पुन्हा फासे हातात घेतात ते विराटाच्या दरबारात, कंक नावानं. तिथे ते राजाची करमणूक करणारे सोबती असतात. फासे तेच, पट तोच. फक्त आता पणाला राज्य लावलेलं नाही.

कृष्णराजांचं उलटं झालं. त्यांनी राज्य खेळात हरलं नव्हतं. राज्य गेल्यावर ते खेळाकडे आणखी खोलवर वळले. त्यांच्या दरबारात महाभारत कन्नड गद्यात आणण्याचं मोठं काम झालं, त्यामुळे सभापर्व त्यांच्यासमोर होतंच. फासे म्हणजे काय करू शकतात, हे ठाऊक असलेल्या माणसानं खेळ हातात घेतला आणि त्यातला पैसा, पैज, लोभ बाजूला ठेवून तो देवाच्या दारात नेला. द्यूत आणि क्रीडा यांतला फरक शास्त्रकारांनी सांगितला आहेच. महाराजांनी तो जगून दाखवला, असं मी समजतो.

आपल्या परंपरेत हा धागा जुना आहे. वेरूळच्या लेण्यांत, २१ व्या लेण्यात, शिवपार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प आहे. पुढच्या वेळी गेलात तर कैलास लेण्यावर न थांबता ते नक्की बघा. कोजागिरीच्या रात्री जागरण करून अक्षक्रीडा करायची पद्धत आहे. दक्षिणेत वैकुंठ एकादशीच्या जागरणाला परमपद सोपान हा पट खेळतात. तीच आपली सापशिडी. शेवटच्या घरात वैकुंठ, सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची. आपल्याकडे याला मोक्षपट म्हणतात आणि परंपरेनं त्याच्याशी ज्ञानदेवांचं नाव जोडलेलं आहे.

महाराजांचे पट

कृष्णराज महाराजांनी श्रीतत्त्वनिधी नावाचा अफाट ग्रंथ करवून घेतला. त्याचे नऊ भाग, नऊ निधी. शक्ती, विष्णू, शिव, ब्रह्मा, ग्रह अशी देवतांची ध्यानं, त्यांची रूपं, आयुधं, रंग आणि सोबत चित्रं. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक आजही हा ग्रंथ उघडतात. यातला नववा निधी म्हणजे कौतुकनिधी. आणि त्यात आहेत खेळ!

इथे मी थांबलो. देवांच्या ध्यानांच्या ग्रंथात खेळांना जागा? आपण खेळ म्हणजे वेळ घालवणं समजतो, ऑफिसमधून येता येता मोबाईलवर ल्यूडो. (तो ल्यूडोही आपल्या पच्चीसीवरूनच इंग्लंडमध्ये बनवलेला आहे.) महाराजांनी मात्र खेळ आणि देवता एकाच ग्रंथात बांधल्या.

त्यांच्या खेळांचे तीन प्रकार समजून घेऊ.

पहिला, चाड. म्हणजे गंजिफा, गोल पत्ते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा तुम्ही पाहिल्या असतील. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२० पानं. दिवसा खेळ सुरू केला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो उतरणार, रात्री असेल तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. म्हणजे कुठला अवतार चालू आहे, हे सतत ध्यानात ठेवल्याशिवाय खेळताच येत नाही. खेळता खेळता नामस्मरण होतंच. महाराजांनी हे कितीतरी पुढे नेलं. कौतुकनिधीत ३६ पानांपासून ३६० पानांपर्यंतचे चाडचे वेगवेगळे प्रकार आहेत. एक प्रकार तर चामुंडेश्वरीच्या नावाचा आहे. ३६० पानं! एका वेळी किती देवता, ग्रह आणि चिन्हं डोक्यात धरायची, विचार करा.

दुसरा प्रकार पटांचा. म्हैसूर भागात घरोघरी पटाचे खेळ होतेच. पगडे म्हणजे आपला सारीपाट. चौकाबारा म्हणजे पंचवीस घरांचा, चार कवड्यांचा खेळ, आपल्याकडे ज्याला चल्लस आठ म्हणतात त्याचाच भाऊ. वाघबकरी, नवकंकरी, चौदा खळग्यांचा अळगुळी मणे. कर्नाटकातल्या जुन्या देवळांच्या दगडी फरशीवर अशा खेळांच्या रेघा कोरलेल्या दिसतात. महाराजांनी या ओळखीच्या खेळांतून नवे पट रचले. त्यांत घरांना देवतांची, ग्रहांची, राशींची, नक्षत्रांची नावं दिली आणि काही पटांत पोचायचं शेवटचं ठिकाण म्हणजे देवीचं सायुज्य. जगनमोहन राजवाडा त्यांनी १८६१ साली बांधला. तिथल्या रंगमहालाच्या भिंतींवर हे पट रंगवलेले आहेत. राजे आपल्या भिंतींवर शिकार आणि लढाया रंगवतात. या राजानं खेळ रंगवले.

तिसरा प्रकार बुद्धिबळाचा, आणि इथे माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला सगळ्यांत जास्त मजा आली. घोडा अडीच घरं चालतो. त्याला पटाच्या प्रत्येक घरात एकदाच, फक्त एकदाच, न्यायचं. कॉलेजमध्ये हा प्रश्न आम्हाला कॉम्प्युटरवर सोडवायला असायचा. मशीन एक चाल करून बघतं, पुढे रस्ता बंद झाला की मागे येतं, दुसरी चाल करून बघतं. लाखो वेळा. महाराज हे कागदावर करत होते. आणि नुसतं एवढंच नाही. घोडा ज्या क्रमानं गेला ते आकडे घरांत लिहायचे, १, २, ३ असे. बारा बाय बाराच्या पटावर त्यांनी अशी एक मांडणी केली, की १ ते १४४ आकडे भरल्यावर कुठलीही आडवी ओळ घ्या, कुठलीही उभी ओळ घ्या, बेरीज ८७० च येते. जगभरातले गणिताचे शौकीन आजही त्या मांडणीचं नाव काढतात.

घोड्याच्या चालीचा आणि भक्तीचाही जुना संबंध आहे बरं का. वेदान्त देशिकांनी श्रीरंगनाथांच्या पादुकांवर पादुकासहस्र नावाचं स्तोत्र रचलं. त्यात दोन श्लोक असे आहेत, की पहिल्याची ३२ अक्षरं आठ आठच्या चार ओळींत मांडायची आणि घोड्याच्या चालीनं एकेक अक्षर वाचत जायचं. दुसरा श्लोक तयार होतो! बुद्धी इतकी घासायची, इतकी घासायची, की ती देवाच्या पायाशी ठेवायच्या लायकीची व्हावी. महाराज त्याच परंपरेतले.

हात काय करत होते

कोणी म्हणेल, राज्य गेलं म्हणून खेळात मन रमवलं, पळवाट काढली. मला तसं वाटत नाही, कारण याच ३७ वर्षांत बाकीचे हात थांबलेले नव्हते.

१८३३ साली, म्हणजे राज्य गेल्यावर दोनच वर्षांत, महाराजांनी म्हैसूरला मोफत इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचंच महाराजा कॉलेज झालं. चामुंडी टेकडीवरच्या देवीच्या देवळाचं गोपुर त्यांनी सत्तेत असताना, १८२७ मध्ये बांधलं होतं. राज्य गेल्यावरही देवीची सेवा, दसरा, नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराची सेवा सुरूच राहिली. संगीतकार, वैद्य, शास्त्री, चित्रकार यांना दरबारात आसरा मिळत राहिला. चामुंडी टेकडीवरच्या देवळात आजही महाराज आणि त्यांच्या राण्यांच्या हात जोडून उभ्या मूर्ती आहेत. मालक म्हणून नाही, भक्त म्हणून.

आणि राज्य परत मागणं त्यांनी कधीही सोडलं नाही. अर्जावर अर्ज. कलकत्त्याला, लंडनला. गव्हर्नर जनरल बदलले, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, अर्ज चालूच. १८५७ मध्ये ते इंग्रजांच्या बाजूनं राहिले, हेही खरं. आज आपल्याला ते खटकेल. पण त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. त्यांना औरस मुलगा नव्हता. आणि दत्तक नाकारून संस्थानं खालसा करण्याचा सपाटा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १८४८ मध्ये सातारा गेलं. शिवछत्रपतींच्या वंशाचं राज्य दत्तक नामंजूर म्हणून बुडालं. मग झाशी, मग नागपूर. म्हैसूरचं नाव पुढच्या पानावर असू शकत होतं.

१८६५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, महाराजांनी दत्तक घेतलं. मुलगा चामराजेंद्र, वय दोन वर्षं. इंग्रजांनी आधी मानलं नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा खटपट. १८६७ मध्ये अखेर विलायतेहून मंजुरी आली. दत्तक मान्य, मुलगा वयात आल्यावर राज्य परत.

२७ मार्च १८६८ रोजी महाराज गेले. राज्य हाती आलं नाही ते नाहीच.

भिडू

आता पुन्हा सारीपाटाकडे येऊ. ज्यांनी तो खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अधिक चिन्हासारखा पट, चार हात, प्रत्येक हातावर आठ आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरं आणि मध्ये मोठं घर. चौघांच्या चार चार सोंगट्या. सोंगटी मधल्या घरातून निघते, आपल्या हाताच्या मधल्या ओळीनं बाहेर येते, सगळ्या पटाला वळसा घालते आणि पुन्हा त्याच मधल्या ओळीनं घरी परतते. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित. बाकी कुठेही ती मारली जाऊ शकते, आणि मेली की पुन्हा पहिल्यापासून.

कवड्या टाकल्यावर किती दान पडेल, ते आपल्या हातात नाही. पण त्या दानावर चारपैकी कुठली सोंगटी चालवायची, कुठली फुलीवर थांबवायची, हे पूर्ण आपल्या हातात आहे. वाईट दानावरही चांगली चाल असते. पाच कारणांतलं पाचवं दैव, पण चौथी चेष्टा आपली. महाराजांच्या वाट्याला ३७ वर्षं बारीक दानं पडत राहिली. प्रत्येक दानावर त्यांनी चाल केली. शाळा, ग्रंथ, पूजा, पट, अर्ज.

आणि सारीपाटातली सगळ्यांत सुंदर गोष्ट म्हणजे भिडू. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू असतात. तुमच्या चारही सोंगट्या घरी गेल्या म्हणून तुम्ही जिंकलात असं होत नाही. भिडूच्याही चार घरी पोचाव्या लागतात. म्हणून चांगले खेळाडू घाई करत नाहीत. कधी कधी घराच्या तोंडाशी आलेली आपली सोंगटी आत न नेता पुन्हा वळशाला घालतात, भिडूची वाट मोकळी करायला.

महाराजांनी आयुष्याच्या शेवटी नेमकं हेच केलं. सत्तरीतला माणूस, राज्य स्वतःला मिळणार नाही हे दिसत असताना, दोन वर्षांच्या मुलासाठी तीच लढाई पुन्हा लढला.

२५ मार्च १८८१ रोजी, महाराज गेल्यावर तेरा वर्षांनी, इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य चामराजेंद्रांच्या हाती परत दिलं. अठरा वर्षांचा भिडू घरी पोचला. डाव जिंकला, पण तो बघायला खेळणारा नव्हता.

अजून थोडं पुढे बघू या. याच चामराजेंद्रांच्या दरबारात १८९२ साली एक तरुण संन्यासी पाहुणा म्हणून आला, आणि पुढे त्याच्या शिकागोच्या प्रवासाला महाराजांनी हातभार लावला. ते स्वामी विवेकानंद. पहिल्या माणसानं टाकलेल्या चालीचं फळ कुठे जाऊन लागलं! त्याला ते ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती.

फळाची आसक्ती सोड, असं भगवंत म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं, म्हणजे फळ मिळणारच नाही, किंवा मिळालं तरी आनंद मानायचा नाही. मला आज त्याचा अर्थ असा लागतोय: फळ येतं, पण ते आपल्याच घरात उतरेल असा हट्ट धरायचा नाही. पाच कारणांनी मिळून झालेल्या कामाचं फळ एकटा 'मी' कसा मागणार?

आजचा संकल्प

एक, अठराव्या अध्यायाचे १३ ते १६ हे श्लोक आज अर्थासह वाचा. सध्या अडलेलं एखादं काम डोळ्यांसमोर आणा आणि त्याची पाचही कारणं कागदावर लिहा. दैवाच्या रकान्यात काय आहे आणि चेष्टेच्या रकान्यात काय आहे, हे वेगळं दिसलं की निम्मा ताप उतरतो.

दोन, आपला भिडू कोण, हे स्वतःला विचारा. आईबाबा, मूल, धाकटा भाऊ, टीममधला नवा मुलगा. आपली सोंगटी घराच्या तोंडाशी असेल, तर आज त्याच्यासाठी एक वळसा घालता येतो का, ते बघा.

तीन, येत्या एकादशीला फोन बाजूला ठेवून घरी पट मांडा. आजीकडे कवड्या असतील तर उत्तम, नसतील तर अर्धे फोडलेले चिंचोके चालतात. पैसे लावायचे नाहीत. दान टाकताना नाम घ्यायचं आणि सोंगटी मेली तर हसायचं. ते हसू जमलं, की आजचा श्लोक समजायला लागला म्हणा.

उद्या श्लोक १७. अहंकाराची गाठ सुटलेल्या माणसाचं वर्णन. भेटू.

राम कृष्ण हरी!